सुटा भाग

मोटार चालवता येणं आणि मोटार कळणं यांत बरंच अंतर आहे. बँकेत नोकरी असणं आणि बँकेत पैसे असणं यांत असतं, जवळजवळ तेवढंच. बॉनेट उघडल्यावर आतल्या दोनच वस्तू मला खात्रीने ओळखता येतात. एक बॅटरी, कारण तिच्यावर तसं लिहिलेलं असतं. आणि दुसरी बॉनेट वर धरून ठेवणारी काठी, कारण ती एकदा माझ्या हातून सुटली होती.

आमची गाडी २००९ सालची. मी घेतली तेव्हाच तिची उमेदीची वर्षं सरलेली होती. २०२४ साली तिला पंधरा वर्षं पुरी झाली, तेव्हा आरटीओने तपासणी करून, हरित कर भरून घेऊन, तिला आणखी पाच वर्षांची मुदतवाढ दिली. इतकी वर्षं टेबलाशी बसून मला कुणी साधी बढती दिली नाही. गाडीला मुदतवाढ मिळाली, त्या दिवशी मी पेढे वाटले. रंग चंदेरी. पार्किंगमध्ये ती कुठे लावली हे विसरलं, तर तिच्यासारख्या आणखी पाच-सात सापडतात, तीच तेवढी सापडत नाही.

तर गोष्ट एका नोव्हेंबरातल्या दुसऱ्या शनिवारची. बँकेला सुट्टी. मंडईतून भाजी घेऊन मी आणि सौ. घरी येत होतो. कर्वे रस्त्यावरून आमच्या गल्लीत डावीकडे वळायचं. मी इंडिकेटर दिला. निदान काहीतरी दिलं हे नक्की. मी वळलो, आणि डाव्या कोपऱ्यातून आवाज आला – 'ठप्प'. फार मोठा नव्हे. शंभराच्या नोटांचं बंडल फरशीवर पडावं, इतकाच.

मागून डाव्या बाजूने येणारी एक स्कूटर आमच्या पुढच्या कोपऱ्यावर आपटून आडवी झाली होती. तिच्यावरचा अठरा-एकोणीस वर्षांचा मुलगा तोवर उभा राहून पँट झटकत होता. त्याला खरचटलंसुद्धा नव्हतं. पण हँडलला अडकवलेल्या पिशव्यांतून जेवणाचे डबे निघून रस्ताभर पसरले होते आणि एका डब्यातली आमटी गटाराच्या दिशेने निघाली होती.

अपघात झाला की आमच्या भागात आधी पंच जमतात आणि मग वाहनं थांबतात. एकाने स्कूटर उभी केली, दोघांनी डबे गोळा केले. मुलाने पिशव्या पुन्हा हँडलला अडकवल्या, तशी स्कूटर त्या पिशव्यांआड परत दिसेनाशी झाली. मग एका पंचाला रस्त्यावर तळहाताएवढा चंदेरी तुकडा दिसला. त्याने तो उचलून माझ्या हातात ठेवला आणि जाहीर केलं, "हे घ्या, तुमचं तुटलं."

मी तो घेतला. चंदेरी गाडी, चंदेरी तुकडा. सही जुळली की चेक पास करायचा, याहून जास्त विचार करण्याची मला नोकरीत कधी गरज पडलेली नाही.

आता हातात पुरावा आल्यावर माणसाचा आवाज आपोआप चढतो. "डोळे कुठं असतात तुझे? बघ, बघ काय केलंस!" वगैरे मी पुष्कळ बोललो. तुकडा नाचवत बोललो. पंचांनी निकाल दिला की मुलाने काहीतरी द्यावं आणि मिटवावं. मुलगा बिचारा म्हणाला, "काका, सॉरी. माझ्याकडं आत्ता तीनशेच आहेत. डब्याचे जमा झालेत ते." आणि दहा-वीस-पन्नासच्या नोटांची एक पुरचुंडी त्याने माझ्या हातात दिली.

मी त्या मोजून घेतल्या. दोनदा. त्यातली दहाची एक नोट फाटकी होती, ती मी बदलून मागितली. ही गोष्ट मी लपवली असती तर या लेखाचं काही बिघडलं नसतं. पण पुढचं सगळं ज्या सौ.ने पाहिलं आहे, ती हा लेख वाचणार आहे. मुलाने खिसे चाचपून दहा रुपयांची चिल्लर दिली आणि तो गेला. सौ. घरी येईपर्यंत एक शब्द बोलली नाही. लग्नाला अठरा वर्षं झालेल्या माणसाला एवढ्यावरून पुढचं कळायला हवं होतं.

घरी आल्यावर मी तुकडा हातात घेऊन गाडीभोवती पहिली प्रदक्षिणा घातली. तुकड्याची एक बाजू चंदेरी, दुसरी काळी. काळ्या बाजूला एक मोडका खुंट, एक छोटं गोल वर्तुळ आणि काही बारीक अक्षरं. गाडीचा डावा कोपरा खरचटलेला, बंपर आपली जागा सोडून इंचभर पुढे आलेला. पण तुकडा जिथून निघाला, ते भोक कुठे दिसेना. दुसऱ्या प्रदक्षिणेतही दिसेना. म्हणजे आमच्या भाषेत सांगायचं तर व्हाउचर आहे आणि एन्ट्री नाही. दिवसाच्या शेवटी असं काही निघालं की बँकेत कुणी घरी जात नाही.

पार्किंगमध्ये माणूस वाकून काहीतरी शोधतोय असं दिसलं की सोसायटी धावून येते. पहिले आले तळमजल्यावरचे अण्णा. सरकारी नोकरीत जन्मभर पूल बांधून निवृत्त झालेले. त्यांनी तुकडा उन्हात धरला, नखाने वाजवला आणि म्हणाले, "घाबरू नका. याच्यावर कसलाही भार येत नव्हता." मला बरं वाटलं. पण हे नेमकं आहे काय, असं विचारल्यावर त्यांनी टोइंगच्या हुकाचं झाकण असल्याचं सांगितलं. बंपरला तसं एक चौकोनी झाकण असतं हे मला त्या दिवशी कळलं. ते जागच्या जागी होतं. सेक्रेटरींनी तो आरशाच्या पाठीचा भाग ठरवला. दोन्ही आरसे शाबूत. शेवटी वॉचमनने तुकडा हातात घेतला, गंभीरपणे मान हलवली आणि एवढंच म्हणाला, "साहेब, हे आतलं आहे."

'आतलं आहे' या निदानाला उत्तर नसतं. डॉक्टरकडे नाही, गॅरेजमध्येही नाही. त्या रात्री मला झोप लागली नाही.

रविवारी भाचा आला. इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे, म्हणजे आत्मविश्वासाच्या दृष्टीने सर्वोच्च ठिकाणी आहे. त्याने मोबाइलने अक्षरांचा फोटो काढून मोठा केला. दोन बाजूंना चोचींसारख्या खुणा, आणि त्यांच्या मध्ये तीन ठळक इंग्रजी अक्षरं – ए, बी, एस.

"मामा," तो खुर्चीतून उठून म्हणाला, "एबीएस! अँटी-लॉक ब्रेकिंग सिस्टिम! तुमची ब्रेकची यंत्रणा तुटलीय!"

जोरात ब्रेक दाबला तरी चाकं जाम होऊ नयेत, गाडी घसरू नये, म्हणून ही यंत्रणा असते. २०१९ पासून सगळ्या नव्या मोटारींना ती सक्तीची झाली आहे, वगैरे त्याने मला वीस मिनिटं समजावलं. मी मात्र एवढंच ऐकलं की ब्रेक तुटले आहेत आणि त्यांचा एक तुकडा माझ्या टीपॉयवर चिवड्याच्या वाटीशेजारी पडला आहे. आदल्या दिवशी याच ब्रेकवर आपण पार्किंगपर्यंत आलो, या विचाराने मला घाम फुटला. सौ. शांतपणे चिवडा खात होती.

आता खर्चाचा प्रश्न. मी विम्याची पॉलिसी काढली आणि कॉमर्सच्या पदवीला जागून हिशोब मांडला. क्लेम केला तर आमच्यासारख्या लहान गाडीला पहिले हजार रुपये आपल्याच खिशातून. राहिलेल्यावर घसारा. घसारा म्हणजे कॉलेजात आमचा आवडता धडा. पण तो दुसऱ्याच्या यंत्रांवर काढायचा असतो तोवर. रबर, नायलॉन आणि प्लॅस्टिक यांना विमा कंपनी सरसकट ५० टक्के घसारा लावते. काचेला मात्र काही लावत नाही. म्हणजे काच फुटली असती तर फायद्यात होतो. बरं, सलग पाच वर्षं क्लेम केला नाही म्हणून हप्त्यातल्या माझ्या गाडीपुरत्या भागावर ५० टक्के बोनस मिळत होता. एक क्लेम केला की तो शून्यावर. चार वेळा बेरीज-वजाबाकी केल्यावर निष्कर्ष निघाला की विम्याचा पुरेपूर फायदा घ्यायचा असेल तर तो वापरू नये.

सोमवारी बँक सुटल्यावर नाना पेठ गाठली. बसने. ब्रेकचा भरवसा कुणी द्यावा? पुण्यात गाडीचा कुठलाही सुटा भाग हवा असेल तर नाना पेठेत जावं, फक्त जाताना त्या भागाचं नाव माहीत असावं. पहिल्या दुकानदाराने विचारलं, "पार्ट नंबर?" दुसऱ्याने विचारलं, "ओरिजिनल की लोकल?" तिसऱ्याने तुकडा पाहिला, माझ्याकडे पाहिलं आणि शेजारच्या दुकानाकडे बोट केलं. तिथला मालक सज्जन होता. मी खालच्या आवाजात म्हणालो, "एबीएस तुटलंय."

"गाडी कुठली? साल?" मी सांगितलं.

"साहेब, तुमच्या मॉडेलला एबीएस येतच नाही."

तीन दिवस ज्याच्या मरणाचं सुतक धरलं, तो जन्मालाच आला नव्हता, असं कळल्यावर माणसाला आनंद व्हावा की नाही? मला तो झाला, पण पुरता झाला नाही. "मग हे लिहिलंय काय?" मी विचारलं.

"ते मिस्त्रीला विचारा. आम्ही फक्त खोक्यावरचं वाचतो."

मंगळवारी मिस्त्रीकडे गेलो. गाडी घेऊन गेलो. नसलेली वस्तू तुटत नाही एवढं तर्कशास्त्र मला येतं. मिस्त्री एका टॅक्सीखाली होता. बाहेर फक्त पाय. मी पायांना हकिकत सांगितली. तो बाहेर आला, हात पुसले, आणि गाडीकडे न बघता आधी तुकडा घेतला. मग बंपरचा कोपरा अंगठ्याने दाबला. बंपर आत गेला आणि परत बाहेर आला. मग त्याने तुकडा दोन बोटांत धरून वाकवला. टचकन् एक कपची उडाली.

"बघा. बंपर पीपीचा असतो. मऊ. मार खातो आणि परत येतो. हे एबीएस आहे."

"म्हणजे ब्रेक –"

"प्लॅस्टिकचं नाव आहे, साहेब. एबीएस प्लॅस्टिक. कडक असतं, रंग छान धरतं, पण ठोकर लागली की तुटतं. कुठल्या प्लॅस्टिकचा माल आहे ते मागं लिहितात, ते ह्या चोचींच्या मधे." आणि त्याने माझ्या बंपरच्या आतल्या कडेखाली आरसा धरून दाखवला. तिथे तशाच चोचींत 'पीपी' लिहिलेलं होतं. पंधरा-सोळा वर्षं ते तिथे होतं आणि मी त्याच्या मागे बसून गाडी चालवत होतो.

मग त्याने ते छोटं वर्तुळ दाखवलं. मी त्याला तीन दिवस सजावट समजत होतो. वर्तुळाच्या कडेने एक ते बारा आकडे, मध्ये एक बाण, बाणाच्या दोन बाजूंना १ आणि ७. बाणाचं टोक आठवर.

"साच्यातच असतं हे. आठवा महिना, सतरा साल. ऑगस्ट २०१७ ला बनलाय हा तुकडा. तुमची गाडी कधीची?"

"२००९."

"बंपर कधी बदलला?"

"कधीच नाही."

मिस्त्री काही बोलला नाही. बोलण्याची गरज नव्हती. पुढच्या तारखेचे चेक मी आयुष्यात पुष्कळ पाहिले आहेत. आठ वर्षं पुढच्या तारखेचा सुटा भाग हा पहिलाच. काउंटरवर कुणी असा कागद सरकवला असता तर मी चष्मा न लावता परत केला असता. इथे मात्र मी तो पास करून वर तीनशे रुपये वसूल केले होते.

"स्कूटरचं आहे हे," मिस्त्री म्हणाला. "हेडलाइटखालच्या पॅनेलचं. हा खुंट म्हणजे त्याचं लॉक." मग त्याने आमच्या बंपरवर मुठीने एक ठोसा दिला. क्लिपांतून निसटलेला बंपर 'ठक्' करून जागेवर बसला. "किती झाले?" मी विचारलं. "चहाचे द्या," तो म्हणाला आणि पुन्हा टॅक्सीखाली गेला.

लोकांना वाटतं, कॅशियर कॅश कमी आली की घाबरतो. तसं नाही. कमी आली तर खिशातून भरायची. त्रास होतो, पण विषय संपतो. खरी झोप उडते ती कॅश जास्त आली की. कारण मग ती कुणाची तरी असते. सकाळपासून समोर येऊन गेलेला प्रत्येक चेहरा आठवायचा, प्रत्येक स्लिप तपासायची, आणि माणूस सापडेपर्यंत ती रक्कम संड्री खात्यात पडून राहते. आता माझ्याकडे तीनशे रुपये जास्त होते आणि माणूस कुणाचा तेही ठाऊक होतं. नव्हता तो फक्त पत्ता.

रात्री जेवताना सौ.ला सगळं सांगितलं. ती उठली, स्वयंपाकघरात गेली आणि स्टीलचं एक झाकण घेऊन आली. घासून लख्ख केलेलं. वर लाल ऑइलपेंटने आकडा – ७.

"शनिवारी आपल्या चाकाशी पडलं होतं. मागच्या गल्लीत ती कॉट बेसिसवरची मुलं राहतात ना, त्यांचे डबे आहेत. सात नंबरवाल्याला विचारलं मी. चार दिवस त्याचा डबा वर प्लॅस्टिकची पिशवी बांधून येतोय. पत्ता दिलाय त्यानं."

"मग इतके दिवस बोलली का नाहीस?"

"तुमचं शोधून संपायची वाट बघत होते," ती म्हणाली. आणि ताटात भात वाढता वाढता, अगदी सहज, "शिवाय त्या दिवशी इंडिकेटर नव्हता लागलेला. वायपर चालू होता."

आमच्या गाडीत इंडिकेटरचा दांडा स्टिअरिंगच्या उजवीकडे आणि वायपरचा डावीकडे. डावीकडे वळताना डावा दांडा ओढावासा वाटतो, हा माझा दोष आहे की गाडीचा, यावर बोलता आलं असतं. मी भात खाल्ला.

बुधवारी संध्याकाळी आम्ही दोघं गेलो. दोन खोल्यांचं घर. एक बाई पोळ्या लाटत होत्या. लाटलेल्या पोळ्यांची चळत शेजारी. दारात स्कूटर. पिशव्या नसल्यामुळे तिचं तोंड मला प्रथमच दिसलं. चंदेरी. हेडलाइटखाली चिकटपट्टीने बांधलेलं एक भगदाड. चार दिवस, तीन पेठा आणि एक नसलेली ब्रेकयंत्रणा पालथी घालून जे भोक मी शोधत होतो, ते इथे होतं. मी पट्टी उचकटून तुकडा लावून पाहिला. चपखल बसला. आणि लॉक मोडलेलं असल्यामुळे लगेच खाली पडला.

मुलगा बाहेर आला आणि मला बघून दचकला. त्याला वाटलं, मी आणखी मागायला आलोय. मी तीनशे रुपये पुढे केले – मुद्दाम कोऱ्या करकरीत नोटा आणल्या होत्या – आणि म्हणालो, "हे तुझे. तुकडा तुझ्याच गाडीचा होता." त्याने ते न मोजता खिशात घातले. इतका विश्वास मी काउंटरवर कधी पाहिलेला नाही. नवीन पॅनेल माझ्याकडून, हेही सांगून टाकलं. इथवर सगळं सोपं गेलं. पैसे देणं मला जमतं; रोज देतो, दुसऱ्यांचे.

पण आत हात धुऊन बाई बाहेर आल्या आणि म्हणाल्या, "कशाला भाऊ, पैसे कशाला परत? चूक यांचीच असणार. किती वेळा सांगते, हळू चालव. चार दिवस गाडी बंद ठेवलीय मी याची. डबे पायी पोचवतोय."

मुलगा खाली बघत उभा होता. सौ. माझ्याकडे बघत नव्हती. भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत होती, आणि ते महालक्ष्मीचं होतं. मला तोंडातल्या तोंडात 'चालायचंच' असं काहीतरी म्हणून निघता आलं असतं. खरं सांगतो, तीनशे रुपयांपेक्षा ते वाक्य जड होतं.

"नाही ताई," मी म्हणालो, "चूक माझी. मी इंडिकेटर दिलाच नव्हता."

मुलाने पहिल्यांदा मान वर केली. "हो ना काका! वायपर चालू होता तुमचा. मला वाटलं, पाऊस आला की काय. म्हणून मी वर आभाळाकडं बघितलं, आणि तेवढ्यात तुम्ही वळलात."

बाई आधी हसल्या, मग सौ. हसली. सौ. जरा जास्तच वेळ हसली. आम्हाला गरम पोळी आणि वाटीभर आमटी खाल्ल्याशिवाय सोडलं नाही. ही आमटी रस्त्यावर सांडली होती, हे आठवून मला खरोखरच वाईट वाटलं.

शनिवारी मी मुलाला घेऊन नाना पेठेत गेलो. त्या सज्जन दुकानदारापुढे उभा राहिलो. त्याने तोंड उघडायच्या आत मी सांगितलं, "हेडलाइटखालचं पॅनेल, चंदेरी, साल २०१७, ओरिजिनल." त्याने निमूटपणे खोका काढला. आयुष्यात एकदा तरी गाडीचा एक भाग मला नावानिशी मागता आला. तो माझ्या गाडीचा नव्हता, एवढंच.

आता दर रविवारी आमच्याकडे तिथून डबा येतो. गल्लीच्या तोंडाशी आमची चंदेरी गाडी दिसली की मुलगा स्कूटर पार कडेला घेऊन उभा राहतो आणि मी वळेपर्यंत हात हलवत थांबतो. मीही हात करतो. वायपरही करतो.